चार तास तीस मिनिटे, पण कोणत्या विमानाने?

अलास्काच्या अगदी उत्तर टोकाला उत्किआग्विक नावाचे गाव आहे. २०१६ सालापर्यंत त्याचे अधिकृत नाव बॅरो असे होते आणि जुन्या नकाशासंग्रहात ते त्याच नावाने सापडेल. वस्ती पाच हजारांच्या आत. नॉर्वेच्या अधिपत्याखालील स्वालबार द्वीपसमूहात लाँगियरब्येन हे दुसरे गाव आहे. त्याची वस्ती अडीच हजारांच्या आसपास. दोन्ही गावांना विमानतळ आहे आणि बाहेरच्या जगातून तिथे येणारी मोटाररस्त्याची वाट एकालाही नाही. पृथ्वीगोलावर पाहिले तर ही गावे उत्तर ध्रुवाच्या जवळजवळ समोरासमोरच्या बाजूंना आहेत.

आता ही दोन नावे, दोन विमानतळांमधले अंतर सांगणाऱ्या एखाद्या संगणकीय कोष्टकाला विचारून पाहा. उत्तर क्षणात येते : अंतर सुमारे ३,३८० किलोमीटर, विमानप्रवासाचा वेळ सुमारे साडेचार तास. सोबत नकाशावर एक सुंदर कमान काढलेली असते. अशी कोष्टके आज भरपूर आहेत. विद्यार्थी प्रकल्पासाठी त्यांतले आकडे उतरवून घेतात, आणि ‘संगणकाने दिले आहे’ म्हटल्यावर शिक्षकही बहुधा पुढे विचारत नाहीत. एखाद्या पुस्तकाचे परीक्षण करावे तसे या एका ओळीच्या उत्तराचे परीक्षण करावे, म्हणून हा लेख. ओळ लहान आहे, पण तिच्यात खरे, अर्धे खरे आणि अजिबात नसलेले असे तिन्ही प्रकार शेजारी शेजारी बसले आहेत.

प्रथम जे खरे आहे त्याला दाद देऊ या. अंतराचा आकडा योग्य कल्पनेवर उभा आहे. गोलाच्या पृष्ठभागावरील दोन बिंदूंमधली सर्वांत जवळची वाट म्हणजे बृहद्वृत्ताचा तुकडा. बृहद्वृत्त म्हणजे ज्याचे केंद्र गोलाच्या केंद्राशीच असते असे वर्तुळ. विषुववृत्त हे बृहद्वृत्त आहे, रेखावृत्तांच्या जोड्या बृहद्वृत्ते आहेत. इतर अक्षवृत्ते मात्र नाहीत. वर्गाच्या भिंतीवरच्या मर्केटर पद्धतीच्या नकाशावर पट्टी ठेवून ही दोन गावे जोडली तर रेषा कॅनडा आणि ग्रीनलंडवरून आडवी जाते. होकायंत्राची एकच दिशा धरून त्या रेषेने गेलो तर सुमारे ५,००० किलोमीटर चालावे लागेल. बृहद्वृत्ताची वाट त्याहून सोळाशे किलोमीटरने कमी आहे. पट्टीने मोजायची सवय मोडून काढली, एवढे श्रेय या कोष्टकांना दिलेच पाहिजे.

आणि हा आकडा वर्गात, गणकयंत्राशिवाय, पडताळता येतो. उत्किआग्विकचे अक्षांश सुमारे ७१.२९ अंश उत्तर, म्हणजे ते ध्रुवापासून १८.७१ अंशांवर आहे. लाँगियरब्येन ७८.२५ अंशांवर, म्हणजे ध्रुवापासून ११.७५ अंश दूर. रेखांश अनुक्रमे १५६.८ पश्चिम आणि १५.५ पूर्व. त्यांची बेरीज १७२.३, म्हणजे १८० ला फार कमी नाही. तेव्हा वाट जवळजवळ ध्रुवावरूनच जाते असे समजून दोन्ही कोन मिळवले तर ३०.४६ अंश होतात. एका अंशाला १११.२ किलोमीटर धरले की सुमारे ३,३८७ किलोमीटर. गोलीय त्रिकोणमितीचे पूर्ण सूत्र वापरले तर ३,३८० येतात. वाट ध्रुवाच्या नेमकी वरून न जाता त्याच्यापासून सुमारे ११० किलोमीटरवरून, कॅनडा-ग्रीनलंडच्या अंगाने जाते, म्हणून ती सात किलोमीटरने कमी. नववीच्या विद्यार्थ्याला हे बेरजेने आणि गुणाकाराने जमते. पृथ्वीगोल आणि दोरा घेतला तरी चालेल. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर १ सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर, म्हणून दोरा ८ सेंटिमीटरच्या जवळपास भरायला हवा. (इथे एक अडचण येईल. शाळेतल्या गोलाचा पितळी आस आणि त्यावरची टोपी नेमकी ध्रुवावरच बसलेली असते. दोरा तिला वळसा घालून न्यावा आणि चूक किती होते त्याचा अंदाज मुलांनाच करू द्यावा.)

इथपर्यंत तक्रार नाही. तक्रार सुरू होते ती दशांश चिन्हापासून. काही कोष्टके हेच अंतर किलोमीटरच्या दहाव्या, शंभराव्या भागापर्यंत देतात. पण पृथ्वी अचूक गोल नाही. तिची विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवीय त्रिज्या ६,३५७ किलोमीटर. ध्रुवांपाशी ती किंचित चपटी आहे, म्हणजे तिथे तिचा बाक कमी आहे, आणि त्यामुळे अक्षांशाचा एक अंश तिथे लांब पडतो. विषुववृत्ताजवळ एका अंशाला सुमारे ११०.६ किलोमीटर आणि ध्रुवाजवळ सुमारे १११.७. चपटेपणामुळे त्रिज्या लहान होते, मग अंश लांब कसा, असा प्रश्न चांगला विद्यार्थी विचारील. त्याला सांगावे की अक्षांश पृथ्वीच्या केंद्रापासून मोजत नाहीत, ते जमिनीला लंब असलेल्या रेषेवरून, म्हणजे ओळंब्याच्या दोरीवरून मोजतात. जिथे जमीन सपाट, तिथे ओळंबा एक अंश वळायला जास्त चालावे लागते.

आपली वाट सगळीच ध्रुवाच्या परिसरात आहे. तेव्हा चपटी पृथ्वी धरून हिशोब केला तर अंतर ३,३९४ किलोमीटरच्या आसपास येते. म्हणजे गोल पृथ्वी धरायची की चपटी, या एका निवडीनेच आकडा चौदा किलोमीटर हलतो. मग दशांशानंतरचे अंक कशाचे? आपण शाळेत मुलांना सांगतो की पट्टीवर मिलिमीटरच्याच खुणा असताना मायक्रोमीटरमध्ये उत्तर लिहू नये. तोच नियम इथे मोडला आहे, आणि तो मोडणारे यंत्र असल्यामुळे कोणाला खटकत नाही.

वेळेचा आकडा याहून अधिक आक्षेपार्ह आहे. तो मोजलेला नसतो. बहुतेक कोष्टकांत तो अंतराला एका ठराविक वेगाने भागून काढतात. वेग ताशी ८०० ते ९०० किलोमीटरच्या दरम्यान कुठेतरी धरलेला असतो, आणि चढण्या-उतरण्यासाठी वर अर्धा तास. ३,३८० भागिले ८५० म्हणजे चार तासांना थोडे कमी, अधिक अर्धा तास, झाले साडेचार तास. हे गणित चुकीचे नाही. मात्र त्याला ‘विमानप्रवासाचा वेळ’ हे नाव देणे चुकीचे आहे. खरे नाव ‘वारा नसताना, एका कल्पित विमानाला, सरळ वाट मोकळी असती तर लागला असता तो वेळ’ असे आहे. नाव लांब होते हे कबूल. पण वगळलेल्या प्रत्येक शब्दात एकेक गृहीत लपलेले आहे.

वाऱ्याचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. मुंबईहून लंडनला जायला जो वेळ लागतो त्यापेक्षा परत यायला बहुधा तासाभराने कमी लागतो. मध्य अक्षांशांवर उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात आणि विमानाचा वेग हवेच्या संदर्भात असतो, जमिनीच्या नव्हे. नदीतल्या होडीचे गणित आपण आठवी-नववीत घालतो, तेच हे गणित. कोष्टकाला मात्र जाणे-येणे सारखेच.

वाट मोकळी नसली की काय होते, याचे अलीकडचे उदाहरण हेलसिंकी-टोकियो मार्गाचे आहे. हे अंतर बृहद्वृत्तावरून सुमारे ७,८०० किलोमीटर आहे आणि ती वाट बरीचशी रशियावरून जाते. २०२२ सालच्या फेब्रुवारीत युक्रेनवरील आक्रमणानंतर युरोपीय विमानांना रशियाचे आकाश बंद झाले. फिनलंडच्या विमान कंपनीने मार्च २०२२ पासून टोकियोची विमाने उत्तर ध्रुवाच्या परिसरातून वळवली, आणि नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांच्या घरात गेला. अंतर सांगणाऱ्या कोष्टकात यातले काहीही दिसत नाही. तिथे हेलसिंकी ते टोकियो अजूनही साडेनऊ-दहा तासच आहे. पृथ्वीची भूमिती बदलली नाही हे खरे. पण प्रवाशाने वेळ विचारली होती, भूमिती नव्हे.

पुन्हा आपल्या दोन गावांकडे येऊ. साडेचार तासांच्या त्या आकड्यातली सर्वांत मोठी उणीव मी अजून सांगितलेलीच नाही. या दोन गावांच्या दरम्यान प्रवासी विमानसेवाच नाही. कोष्टक हे सांगत नाही, आणि नकाशावरची ती कमान पाहून कोणालाही वाटेल की तिथून विमाने येत-जात असावीत.

विमानांना हे अंतर झेपत नाही असे नाही. बोइंग ७३७ जातीची विमाने दोन्ही विमानतळांवर उतरत आली आहेत, आणि त्या जातीच्या सध्याच्या विमानांना साडेतीन हजार किलोमीटर जड नाही. अडचण वेगळी आहे. दोन इंजिनांच्या प्रवासी विमानांसाठी मूळ नियम असा की एक इंजिन बंद पडले तर उरलेल्या इंजिनावर साठ मिनिटांत एखाद्या योग्य विमानतळावर पोहोचता आले पाहिजे. त्याहून दूर जायचे तर विमान, इंजिन, कंपनी आणि देखभाल यांची खास परवानगी लागते, आणि ती १२०, १८० मिनिटे अशी ठरवून दिलेली असते. आपल्या वाटेच्या मध्यावर दोन्ही टोके १,६९० किलोमीटरवर आहेत. एका इंजिनावर विमान खाली आणि हळू उडते. ताशी ६५० किलोमीटर धरा, अडीच तासांपेक्षा जास्त वेळ लागतो. मध्ये आडबाजूला धावपट्ट्या आहेत, पण कॅनडातील अलर्ट, ग्रीनलंडमधील स्टेशन नॉर्ड आणि पिटुफिक ही सगळी लष्करी ठाणी. तिथे दीडशे प्रवासी उतरवले तर त्यांना हिवाळ्यात कुठे ठेवायचे, हा प्रश्न कागदावरचा नव्हे. अमेरिकेच्या नियमांत ७८ अंश उत्तरेच्या पलीकडे जाणाऱ्या विमानांसाठी याची योजना आधी करून ठेवावी लागते.

शिवाय इंधन. साधे जेट-ए इंधन उणे ४० अंश सेल्सियसला गोठू लागते, जेट-ए-१ उणे ४७ ला. ध्रुवीय प्रदेशात दहा किलोमीटर उंचीवरचे तापमान याच्याही खाली जाऊ शकते, तेव्हा वैमानिकाला टाकीतल्या इंधनाचे तापमान पाहत राहावे लागते. वेळ पडली तर खाली उतरावे किंवा वेग वाढवावा लागतो, कारण वेगाने हवेच्या घर्षण-दाबामुळे पंखा थोडा गरम होतो. सौर वादळाच्या वेळी ध्रुवाजवळचा दूरपल्ल्याचा रेडिओ बिघडतो, हे आणखी एक.

हे सारे सोडवता येते. ध्रुवीय मार्गांनी मोठी विमाने जातातच. मग इथे का नाही? कारण जाणार कोण? पाच हजारांचे एक गाव आणि अडीच हजारांचे दुसरे. मी ध्रुवीय विमानसेवेचा तज्ज्ञ नाही, पण या दोन संख्या पाहिल्यावर तज्ज्ञाची गरज उरते असे वाटत नाही.

तर मग उत्किआग्विकच्या माणसाला लाँगियरब्येनला खरेच जायचे असेल तर? एक वाट अशी : अँकरेज, सिॲटल, आइसलंडमधील केफ्लाविक, ऑस्लो, ट्रॉम्सो आणि लाँगियरब्येन. तुकड्या-तुकड्यांची बृहद्वृत्तीय अंतरे अनुक्रमे सुमारे १,१६५, २,३३०, ५,८१०, १,७८०, १,११५ आणि ९६० किलोमीटर. बेरीज १३,१६० किलोमीटर. कोष्टकातल्या अंतराच्या जवळजवळ चौपट! उत्तरेकडच्या शेजाऱ्याकडे जाण्यासाठी माणूस आधी दक्षिणेला थेट ४७ अंश अक्षांशापर्यंत खाली येतो आणि पुन्हा वर चढतो. नुसत्या उड्डाणांचे तास त्याच सूत्राने मोजले तर साडेअठरा होतात. मधल्या थांब्यांचे, चुकलेल्या जोडविमानांचे आणि धुक्याचे वेगळे. दोन दिवसांत पोहोचला तरी नशीब.

माझा मुख्य आक्षेप इथे आहे. दुर्गम गावांच्या बाबतीत ‘किती दूर’ हा प्रश्न कुतूहलाचा नसतो, तो जिवाचा असू शकतो. लाँगियरब्येनला रुग्णालय आहे, पण लहान. तिथल्या गरोदर स्त्रिया बाळंतपणाच्या तारखेच्या काही आठवडे आधीच नॉर्वेच्या मुख्य भूमीवर जातात. उत्किआग्विकचा गंभीर रुग्ण अँकरेजला विमानाने न्यावा लागतो, आणि ते १,१६५ किलोमीटरवर आहे. कोष्टकाच्या सूत्राने हे अंतर पावणेदोन-दोन तासांचे. प्रत्यक्षात विमान आधी येऊन पोहोचले पाहिजे, वादळ ओसरले पाहिजे, धावपट्टी उतरण्याजोगी असली पाहिजे. लाँगियरब्येनची धावपट्टी, जी १९७५ साली रीतसर सुरू झाली, कायम गोठलेल्या जमिनीवर बांधलेली आहे. वरची जमीन वितळली आणि पुन्हा गोठली की धावपट्टीला उंचवटे येतात. त्या गावच्या डॉक्टरला दोन तास या आकड्याचा काय उपयोग? त्याला हवा असतो सर्वांत वाईट दिवसाचा आकडा, आणि कोष्टक देते सर्वांत चांगल्या, किंबहुना कधीच न उगवणाऱ्या दिवसाचा.

गंमत अशी की या वाटेवर एकदा माणसे खरोखर उडाली आहेत. १५ एप्रिल १९२८ रोजी ह्यूबर्ट विल्किन्स आणि वैमानिक कार्ल बेन आयेल्सन हे दोघे पॉइंट बॅरोहून लॉकहीड व्हेगा जातीच्या एक-इंजिनी विमानाने निघाले. सुमारे वीस तास उडून ते स्वालबारला पोहोचले. त्यांनी कापलेले अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर सांगितले जाते. ते बृहद्वृत्तापेक्षा जास्त का भरले? कारण विल्किन्सला लवकर पोहोचायचे नव्हते, त्या समुद्रात अज्ञात जमीन आहे का ते पाहायचे होते, म्हणून त्याने वाट मुद्दाम कॅनडाच्या बाजूला वाकवली होती. ध्रुवाच्या परिसरात रेखावृत्ते इतकी जवळ येतात की सरळ जाण्यासाठीही दिशेचा आकडा सतत बदलावा लागतो, आणि चुंबकीय होकायंत्रावर तिथे विसंबता येत नाही. सूर्याची उंची मोजून विल्किन्स दिशा देत होता आणि आयेल्सन विमान चालवत होता. अखेरीस वादळाने त्यांना एका निर्जन बेटावर उतरावे लागले आणि हवा निवळेपर्यंत काही दिवस तिथेच काढावे लागले. आता सांगा, त्यांच्या प्रवासाला वेळ किती लागला? वीस तास, की बेटावरचे दिवस धरून? उत्तर देणाऱ्याने कोणती घड्याळे कुठे सुरू केली आणि कुठे थांबवली हे सांगितल्याशिवाय दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. विल्किन्सच्या वीस तासांत आणि कोष्टकाच्या साडेचार तासांत मोठा फरक आहे तो विमानाच्या वेगाचा नाही. पहिला आकडा घडून गेलेला आहे.

त्याच्या दोन वर्षे आधी, मे १९२६ मध्ये, आमुंडसेन, एल्सवर्थ आणि नोबिले यांचे ‘नॉर्ज’ हे वायुजहाज स्वालबारच्या न्यू-ओलेसुंदहून ध्रुवावरून अलास्कात गेले. जायचे होते नोमला, उतरावे लागले टेलरला. त्याच न्यू-ओलेसुंदला २००८ पासून भारताचे ‘हिमाद्री’ संशोधनकेंद्र आहे, आणि त्याचा कारभार गोव्यातील वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहे. वास्कोहून हिमाद्रीला निघालेला शास्त्रज्ञ लाँगियरब्येनला पोहोचला की शेवटचे ११० किलोमीटर छोट्या विमानाने जातो. ठराविक वेगाचे सूत्र इथे लावून पाहण्यासारखे आहे. ११० किलोमीटरला आठ मिनिटे, आणि चढ-उताराला तीस!

अशी कोष्टके वर्गात आणू नयेत असे मी म्हणत नाही. उलट आणावीत, पण उत्तर म्हणून नव्हे, प्रश्न म्हणून. विद्यार्थ्यांना कोष्टक द्या आणि विचारा, यातला कोणता आकडा मोजलेला आहे, कोणता काढलेला आहे आणि कोणता गृहीत धरलेला आहे? वेग किती धरला असावा, हे चार-पाच जोड्यांचे अंतर आणि वेळ आलेखावर मांडून शोधता येते. बिंदू एका सरळ रेषेत येतात. तिचा चढ वेग सांगतो, आणि ती अक्षाला छेदते तिथे तो अर्धा तास सापडतो. प्रत्यक्ष विमानांच्या वेळापत्रकातल्या वेळा त्याच आलेखावर मांडल्या तर बिंदू रेषेच्या खाली-वर विखुरतात.

घड्याळाचा प्रश्नही घालण्याजोगा आहे. उत्किआग्विकचे घड्याळ लाँगियरब्येनच्या दहा तास मागे असते. साडेचार तासांचे ते कल्पित विमान उत्किआग्विकहून सकाळी आठला निघाले तर लाँगियरब्येनला रात्री साडेदहाला पोहोचते. परतीला तेच विमान लाँगियरब्येनहून सकाळी आठला निघाले, तर उत्किआग्विकला उतरते तेव्हा तिथे पहाटेचे अडीच वाजलेले असतात. तारीख तीच असते आणि आंतरराष्ट्रीय वाररेषा वाटेत कुठेही ओलांडलेली नसते.